भिंतीचे वय विचारण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीत विहीर खणताना, घराचा पाया घेताना किंवा जुन्या गावठाणाची पांढरी उपसताना दगडांची एखादी सरळ रांग उघडी पडली, की तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळींत दोन घटकांच्या आत तिचा काळ ठरून जातो : शाळेतले गुरुजी तिला वाकाटककालीन म्हणतात, सरपंच ती हेमाडपंती असल्याचे सांगतात, आणि पारावरची वृद्ध मंडळी, विशेषतः पवनारच्या बाजूची, शेतसाऱ्यात नांगराचे फाळ घेऊन परिसाने त्यांचे सोने करणाऱ्या पवन राजाकडे बोट दाखवून मोकळी होतात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही याच गोंधळाचे निरनिराळे अवतार भेटतात. उत्खननाची जागा पाहून आलेले विद्यार्थी तर विचारतात, की एकाच खड्ड्यात एकमेकींना चिकटलेल्या तीन भिंतींपैकी दोन एका काळाच्या व तिसरी निराळ्या काळाची, असे उत्खनक कशावरून म्हणतात, आणि त्या म्हणण्यात पुरावा किती व तर्क किती. अशा सर्व वाचकांसाठी, म्हणजे शेतकरी, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि हौशी अभ्यासक यांच्यासाठी, पुढील मजकूर आहे.

प्रश्नांचा क्रम बदला

सेवाग्रामची बापूकुटी आपण पाहिली असेलच. ती मुळात मीराबहेन यांच्यासाठी उभी राहिली, आणि गांधीजी तेथे राहावयास आल्यावर गरजेप्रमाणे तिला भर पडत गेली. सबब ‘बापूकुटी केव्हाची?’ या प्रश्नाला एक साल सांगून भागत नाही; मूळ कुटी केव्हाची आणि तिला लागलेले जोड केव्हाचे, असे तुकड्यातुकड्याने उत्तर द्यावे लागते. थोड्या वर्षांच्या वापरात एका मातीच्या कुटीची जर ही कथा, तर जेथे माणसांनी शतकानुशतके वस्ती केली, तेथील दगडी भिंतीला एकच एक वय असेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

पवनारचेच पाहा. धाम नदीकाठच्या या गावी १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केले, तेव्हा एकाच टेकाडात निरनिराळ्या काळांतील वस्तीचे थर एकावर एक आढळले. अशा टेकाडावर प्रत्येक पिढी आपल्या पूर्वजांच्या पडझडीवर घर बांधते, त्यांच्या उभ्या राहिलेल्या भिंतीला पाठ लावून नवी खोली काढते, आणि पडलेल्या भिंतीचे दगड उचलून आपल्या भिंतीत बसवते. म्हणून भिंतीपुढे उभे राहिल्यावर आपण तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत :

१. हिचे किती भाग स्वतंत्रपणे बांधलेले दिसतात?
२. त्यांपैकी आधीचा कोणता, नंतरचा कोणता?
३. त्यातील प्रत्येक भाग कोणत्या काळाचा?

बहुसंख्य लोक तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतात आणि तेथेच फसतात. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा भिंतीतच सापडतात; तिसऱ्याचे उत्तर भिंतीत क्वचित आणि तिला लागलेल्या मातीत अधिक वेळा असते.

‘बांधणीचा टप्पा’ या शब्दाचा अर्थही येथे निश्चित करून ठेवू. एका योजनेने, एका सलग प्रयत्नात जे उभे राहिले, तो एक टप्पा. मग त्याला आठवडा लागो की दोन उन्हाळे. पुढे भिंत वाढवायची असेल, तर गवंडी आजही टोकाचे दगड दातांसारखे बाहेर काढून ठेवतो. अशा दातांत नंतर गुंतवलेली भिंत उशिरा उभी राहिलेली असली, तरी ती पहिल्या योजनेचाच भाग असते, आणि तिला नवा टप्पा म्हणण्यापूर्वी आपण थांबून विचार करावा.

भिंतीपाशी पाहणी कशी करावी

हा क्रम उत्खननस्थळी, गावच्या गढीपाशी किंवा नदीच्या घाटावर सारखाच उपयोगी पडतो. सोबत वही, शिसपेन्सिल, टेप आणि ओळंबा असला म्हणजे पुरे. पहार, कुदळ आणि फावडे घरीच ठेवावे.

१. उन्हाची वेळ साधा. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन भिंतीवर पडते, तेव्हा टाकीच्या खुणा, दरजांचे उठाव आणि भिंतीला आलेला फुगवटा स्पष्ट दिसतो. भर दुपारी तीच भिंत सपाट व एकजिनसी भासते.

२. कोपरे आणि जोड तपासा. दोन भिंती जेथे मिळतात, तेथे एकीचे दगड आळीपाळीने दुसरीच्या अंगात शिरले असतील, तर त्या बहुधा एकाच टप्प्याच्या. याउलट एक भिंत दुसरीच्या तयार दर्शनी अंगाला नुसती येऊन टेकली असेल आणि दोहोंमध्ये वरपासून खालपर्यंत सरळ उभी दरज असेल, तर टेकणारी भिंत नंतरची. दरजेत डोकावून पाहता पहिल्या भिंतीचा गिलावा टेकणाऱ्या भिंतीच्या पाठीमागे तसाच गेलेला आढळला, तर या अनुमानास बळकट प्रमाण मिळाले असे समजावे. वरचे दोन थर पाहून मात्र निर्णय देऊ नये. दुरुस्तीच्या वेळी केवळ माथ्याशी दगड गुंतवण्याची पद्धत सर्वत्र आहे.

३. थरांची आडवी रेषा डोळ्यांनी चालत जा. दगडांचे थर एकाच पातळीत पुढे जात असताना एका ठिकाणी थरांची उंची एकाएकी बदलते काय, मोठ्या दगडांवर लहान दगड कोठून सुरू होतात, ती सीमा आडवी आहे की पायऱ्यापायऱ्यांची, हे लिहून ठेवा. पायऱ्यापायऱ्यांची सीमा पुष्कळदा पडझडीची असते : जुनी भिंत जशी ढासळली तशी राहिली, आणि नव्या गवंड्याने त्या खाचांतून पुढे काम केले.

४. दगड, घडण आणि सांधणारा पदार्थ यांची स्वतंत्र नोंद करा. दगड घडीव आहे की अनघड, टाकीचे घाव उभे आहेत की तिरपे, दरजेत माती आहे, चुना आहे की काहीच नाही, आणि पोकळ्या चिपांनी भरल्या आहेत काय, हे रकाने पाडून लिहावे. आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा. त्यात निराळ्या जातीचा दगड दिसला, तर तो कोठून आणला असेल व याच भिंतीसाठी आणला होता काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. या बाबतीत गावातील वयस्क पाथरवटाला किंवा बेलदाराला सोबत न्यावे. दगड कोणत्या हत्याराने फोडला, हे तो आपल्याआधी ओळखतो.

५. तळाची पातळी पाहा. उघड्या पडलेल्या भागात दोन भिंतींचे तळ एकाच पातळीवर आहेत काय, एकीचा पाया बाहेर पाऊलभर रुंद आहे व दुसरीचा नाही काय, एक भिंत थेट जुन्या भिंतीच्या माथ्यावर उभी आहे काय, या गोष्टी टिपाव्यात.

६. बुजवलेली दारे आणि कोनाडे शोधा. भिंतीत दोन उभ्या सरळ कडा समोरासमोर दिसल्या आणि त्यांमधील दगड शेजारच्या थरांशी जुळत नसले, तर तेथे पूर्वी दार असावे. ते बुजवणे हा निराळा टप्पा होय, मग भिंत तीच का असेना.

७. प्रत्येक भागाला क्रमांक द्या. ‘उत्तरेची जुनी भिंत’ असे लिहू नका, कारण ‘जुनी’ हा निष्कर्ष झाला, नोंद नव्हे. ‘भिंत १’, ‘भिंत २’, ‘बुजवण ३’ असे लिहावे आणि प्रत्येकापुढे ती कोणाला टेकते, कोणाला तोडते व कोणावर बसते, एवढेच नमूद करावे.

मातीतला पुरावा

भिंत बांधणारा आधी चर खणतो, त्यात पाया भरतो आणि उरलेल्या फटीत माती लोटतो. नंतर तेथे राहणारे जमीन चोपतात, सारवतात, पुन्हा भर घालतात. उत्खनक याच मातीच्या थरांवर अधिक विसंबतात, आणि त्यांचे चार नियम आपणही ध्यानी ठेवावेत :

- जी जमीन भिंतीला येऊन भिडते व तेथे थांबते, ती भिंतीनंतरची.
- जी जमीन पायाच्या चराने तोडली गेली आहे, ती भिंतीच्या आधीची.
- पायाच्या चरातील भरावात सापडलेल्या वस्तूंपैकी सर्वांत अलीकडची जी वस्तू, तिच्या काळाआधीची ती भिंत असू शकत नाही. नंतरची किती, हे मात्र ती वस्तू सांगत नाही.
- भिंत नाहीशी झाली तरी तिची जागा राहते. दगड उपसून नेलेल्या चरात मऊ माती, चिपा आणि चुन्याचे खडे भरलेले असतात. त्या चराची दिशा म्हणजेच गेलेल्या भिंतीची दिशा.

यातूनच एक निषेध निघतो, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणून आपण तो वाचावा. दगडाची रांग लागली, की तिच्या कडेकडेने खणत जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण त्यामुळे भिंत लवकर ‘मोकळी’ दिसते. परंतु असे खणणारा भिंत व माती यांमधील संबंधच कापून टाकतो, आणि मागे उरते ती कोणत्याही काळाची म्हणता येईल अशी दगडांची रांग. १९४४ साली तक्षशिलेस भारतीय विद्यार्थ्यांसाठी उत्खननाचा प्रशिक्षणवर्ग चालविणारे मॉर्टिमर व्हीलर यांनी याच चुकीवर बोट ठेवले होते. भिंतीला काटकोनात छेद घ्यावा, म्हणजे चर, भराव आणि जमीन यांचे थर छेदाच्या अंगावर एकत्र दिसतात, ही पद्धत त्या पिढीपासून आपल्याकडे रुजली.

पाच शक्यता, आणि त्यांतील निवड

पाहणी झाल्यावर भिंतीच्या दोन भागांमधील भेद पुढील पाचांपैकी कोणत्या सदरात बसतो, ते ठरवावे :

- एकच टप्पा. थर जुळतात, कोपरे गुंतलेले आहेत, दरजेतील पदार्थ एक आहे. दगडांच्या आकारातील थोडा फरक खाणीतील किंवा कारागिरांतील फरकामुळेही येतो.
- जोडबांधकाम. जुनी भिंत शाबूत, नवी तिला टेकलेली; मध्ये उभी दरज.
- दुरुस्ती. जुन्या भिंतीच्या पोटातच निराळ्या दगडांचा ठिगळासारखा भाग, चोहोबाजूंनी जुन्या थरांनी वेढलेला.
- पुनर्बांधणी. खालचे थर जुने, वरचे नवे. सीमा आडवी किंवा पायऱ्यांची.
- आवरण. जुन्या बांधकामाला बाहेरून नवे अंग. सांचीच्या मोठ्या स्तूपाचे हेच झाले : अशोककालीन विटांचा स्तूप आत राहिला, आणि त्याच्यावर पुढील काळात दगडी आवरण चढले. तेथे खालचे ते जुने हा नियम चालत नाही; आतले ते जुने.

याशिवाय दगडांचा पुनर्वापर कोणत्याही टप्प्यात आढळू शकतो. घाटाच्या पायरीत मंदिराच्या खांबाचा तुकडा उलटा बसवलेला दिसला, तर त्या तुकड्याचा काळ घाटाला लावू नये. घाट त्या तुकड्यानंतरचा, एवढेच सिद्ध होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका गढीतील खणात अ, ब आणि क अशा तीन भिंती आहेत. अ व ब कोपऱ्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि क ही ब ला टेकलेली आहे. आत चुन्याची पक्की जमीन असून ती अ व ब यांना भिडून थांबते. परंतु क साठी खणलेल्या चराने ती तोडली आहे, आणि त्या चराच्या भरावात चिनी मातीच्या बशीचा तुकडा आहे. येथे प्रथम अ व ब, त्यानंतर जमीन, त्यानंतर क, असा क्रम निर्विवाद लागतो. कारण क ही टेकलेली असल्याचे एक प्रमाण आणि तिच्या चराने जमीन तोडल्याचे दुसरे, अशी दोन स्वतंत्र प्रमाणे एकच साक्ष देतात. बशीचा तुकडा एवढेच सांगतो, की अशा बश्या प्रचारात आल्यावर क बांधली गेली. अ व ब किती जुन्या, याविषयी बशी मौन आहे, आणि आपणही त्या दोन भिंतींच्या पायाचा चर तपासला जाईपर्यंत मौन राखावे.

हमखास फसवणाऱ्या जागा

‘चुना नाही, म्हणजे हेमाडपंती.’ हेमाद्री हा तेराव्या शतकातील, महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरचा मंत्री. परंतु अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते, त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा. चुन्यावाचून घडीव दगड बसवण्याची रीत एका मंत्र्याच्या कारकिर्दीत मावत नाही, आणि शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या गडग्यालाही चुना नसतोच. ‘हेमाडपंती’ हा शब्द बांधणीचे वर्णन म्हणून वापरावा. कालनिर्णय म्हणून वापरू नये.

‘दगड प्रचंड, म्हणून भिंत पुरातन.’ दगडाचा आकार खाण, वाहतूक आणि बांधणाऱ्याची ऐपत यांवर अवलंबून असतो. मोठे दगड पायात घालणे हा तर आजच्या गवंड्याचाही नेम आहे.

‘खोल, म्हणून जुनी.’ विहीर, तळघर, पेव आणि पायाचा चर या वस्तू नंतरच्या असूनही जुन्या थरांच्या खाली उतरतात. खोली पाहू नका. कोणत्या थरातून खणण्यास आरंभ झाला, ते पाहा.

भेगेला सांधा समजणे. ही चूक आपल्या जिल्ह्यात विशेष संभवते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरील भिंत वर्षानुवर्षे वरखाली होऊन उभी तडकते. भेगेच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना जुळतात, भेग वेडीवाकडी जाते, रुंदी बदलते, क्वचित दगडही फोडते. खऱ्या सांध्यात बहुधा थर जुळत नाहीत आणि निदान एका बाजूची कड घडवून सरळ केलेली असते.

एकाच नाण्यावर विसंबणे. त्याच काळ्या मातीच्या उन्हाळी भेगांतून वरचे नाणे खाली घरंगळते. घुशींची बिळे आणि झाडांची मुळे हेच काम बारमाही करतात. एकट्या नाण्याने भिंतीचा काळ ठरवू नये. त्याच भरावातील खापरे त्याला दुजोरा देतात काय, ते पाहावे.

गावाच्या नावावरून भिंतीचा काळ काढणे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो मान मनसरला दिला. पवनारला विनोबांच्या आश्रमाच्या जागेत खणताना मिळालेली शिल्पे, ज्यांतील एकाला विनोबांनी भरत-रामाची भेट म्हणून वंदन केले, ती वाकाटककालीन मानली जातात. परंतु हे सर्व मान्य करूनही, पवनारच्या एखाद्या परसात निघालेली दगडी रांग प्रवरसेनाची ठरत नाही. ती एखाद्या मालगुजाराच्या गोठ्याची असण्याचा संभव पूर्णपणे खुला राहतो.

प्रत्येक रांगेला भिंत समजणे. विदर्भात लोहयुगीन दफनांभोवती मोठ्या दगडांची वर्तुळे रचलेली आहेत; आपल्या जिल्ह्यातील खैरवाडा त्यासाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. अशा वर्तुळाचा अर्धा भाग नांगरटीत नाहीसा झाला, की उरलेला भाग वळणदार तटाच्या पायासारखा दिसतो. ते दगड बाजूला काढून ढीग घातला, तर खालचे दफन कायमचे बेवारस होते.

काळ सांगायचाच असेल तर

शब्द जपून वापरावेत. ‘भिंत २ ही भिंत १ नंतरची आहे’ हे विधान आपण पाहणीच्या बळावर ठामपणे करू शकता. ‘भिंत २ सातवाहनकालीन आहे’ हे विधान पायाच्या चरातील खापरे, नाणी किंवा कोळशाच्या प्रयोगशाळेतील तपासणीवाचून कोणीही करू नये, आणि आपल्याला कोणी असे सांगितले तर ‘कोणत्या थरातील कशावरून?’ एवढे विचारण्याचा संकोच धरू नये. कोळशाच्या बाबतीतही एक सावधगिरी आहे : तपासणी लाकडाचे वय सांगते, भिंतीचे नव्हे, आणि जुने वासे नव्या घरात वापरण्याची चाल आपल्याकडे अजून मोडलेली नाही.

जेथे पूर्वी उत्खनन झाले आहे, तेथील अहवाल मिळवून वाचावा. पवनारचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. वर्धा नदीपलीकडील कौंडिण्यपूरचा, मो. गं. दीक्षित यांचा, अहवालही उपलब्ध आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात देशभरच्या उत्खननांचे संक्षिप्त वृत्तांत येतात. अहवालात प्रथम छेदाचे रेखाचित्र पाहावे, नंतर मजकूर. भिंतीचे क्रमांक छेदात नसतील, तर लेखकाच्या कालनिर्णयाकडे थोड्या अधिक सावधपणे पाहावे.

आपल्या शेतात भिंत निघाली तर

१. काम थांबवा, पण घाबरू नका. पुरातन भिंत निघाल्याने आपली जमीन आपोआप सरकारजमा होत नाही.
२. माप ठेवण्यासाठी शेजारी टेप किंवा काठी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. खड्ड्याच्या कडांची छायाचित्रे अवश्य घ्या. मातीचे थर तेथेच दिसतात.
३. वस्तू निघाल्या असतील, तर त्या कोणत्या ठिकाणी व किती खोलीवर मिळाल्या, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच पिशवीत घाला. खापरे धुऊ नका, नाणी चिंचेने घासू नका.
४. पावसाळा तोंडावर असेल, तर खड्डा गोणपाटाने झाकून वर माती पसरा. भिंत जमिनीत सुरक्षित असते. उघड्यावर ती दोन पावसाळ्यांत ढासळते.
५. मौजा, तालुका, गट क्रमांक आणि सापडल्याची तारीख नमूद करून तहसीलदार व जिल्हाधिकारी यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयास व एक नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागास पाठवा.
६. पांढरी माती किंवा मुरूम नेण्याचा परवाना आपल्याजवळ असला, तरी तो पुरातत्त्वीय उत्खननाची परवानगी नव्हे, हे ट्रॅक्टरवाल्यासही समजावून सांगा.

आपले हक्क आणि आपली जबाबदारी

- जमिनीत दडलेला ऐवज. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमान्वये, दहा रुपयांहून अधिक किमतीचा दडलेला ऐवज सापडल्यास त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो ऐवज चौकशीअंती बेवारस ठरल्यास, उभयतांत निराळा करार नसेल तर, शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश हिस्सा मिळण्याची तरतूद आहे. शासनाने तो स्वतःकडे घ्यावयाचे ठरविल्यास द्रव्याची किंमत अधिक तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. वर्दी न देणाऱ्याचा हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.
- उत्खननाचा अधिकार. जमीन आपली असली, तरी पुरातत्त्वीय उत्खनन रीतसर मंजुरीवाचून करता येत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार असंरक्षित जागेतील उत्खननासही केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते.
- नुकसानभरपाई. त्याच कायद्याखाली आपल्या जमिनीत प्रवेश केल्याने किंवा उत्खनन केल्याने पीक, उत्पन्न वा जमीन यांचे जे नुकसान होईल, त्याची भरपाई मागण्याचा मालकास व वहिवाटदारास हक्क आहे. खणण्यास आरंभ होण्यापूर्वी उभ्या पिकाचा पंचनामा करून घ्यावा.
- हरकत घेण्याचा हक्क. जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करावयाची असल्यास आधी दोन महिन्यांची सूचना प्रसिद्ध करावी लागते, आणि त्या मुदतीत हितसंबंधी व्यक्तीस हरकत नोंदवता येते. राज्य संरक्षित स्थळांसाठी १९६० चा निराळा राज्य कायदा आहे.
- संरक्षणानंतरची बंधने. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित आहे. विहीर किंवा घर बांधण्याचा बेत असल्यास हे अंतर आधी मोजून घ्यावे.
- शिल्पे व पुराणवस्तू. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या कायद्याच्या कक्षेत येतात. ती घरात ठेवण्याचा, विकण्याचा किंवा गावाबाहेरच्या ‘संग्राहका’च्या स्वाधीन करण्याचा व्यवहार तोंडी बोलण्यावर करू नये.
- माहितीचा हक्क. आपल्या शेतात झालेल्या पाहणीचा अहवाल मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. शासकीय कार्यालयास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपण कोणी पुरातत्त्वज्ञ व्हावे, असा या लेखाचा आग्रह नाही. भिंत कोणत्या राजाची, हे ठरवण्याचे काम ज्याचे त्याने यथाकाल करावे. आपल्या हाती जे आहे ते त्याहून अल्प, परंतु त्याच्यावाचून पुढचे सर्व अडणारे आहे : भिंत झाकून ठेवली तर ती पुन्हा उघडता येते, पण तिला लागून असलेली माती एकदा फावड्याने ओढली, की ती कोणत्याही विद्यापीठाला परत लावता येत नाही. तेव्हा दगडांची रांग लागेल त्या दिवशी फावडे बाजूला ठेवा, छायाचित्र घ्या, आणि दुसऱ्या दिवशी तहसीलीत अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवा.